परजलेल्या पात्यांचा हिशेब

रोल्स रेझरला धार लावायला बसलात की घरातलं कोणी झोपून राहील ही आशा सोडून द्यावी. चपटी, जड, निकेलचा मुलामा दिलेली डबी असते. तिला वर आणि खाली अशी दोन झाकणं. एकाच्या आत चामडं, दुसऱ्याच्या आत दगड. रोज दगडाचं झाकण काढून बाजूला ठेवायचं, आडवा पडलेला दांडा उचलायचा आणि पुढेमागे सरकवायचा. दांड्याला अडकवलेलं पातं खालच्या चामड्यावरून सर्रकन जातं, टोकाला पोचलं की खटकन कूस बदलतं आणि दुसऱ्या अंगाने परत येतं. सर्र-खट, सर्र-खट. हा कार्यक्रम मी पहाटे करायचो, कारण दाढी पहाटेच करायची सवय. पहिल्या शिफ्टने लावलेली, निवृत्तीनंतरही न सुटलेली. माझ्या बायकोचं या यंत्राबद्दलचं मत पहिल्याच आठवड्यात कायमचं ठरून गेलं.

पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. बोथट झालेले कटर, रीमर, ब्रोच यांना पुन्हा धार करून देणं हे काम. आता घरीच एक टेबल मांडलंय. जुन्या वस्तू जमवणारे लोक आपली लहानसहान यंत्रं घेऊन येतात : घडीचे कॅमेरे, टपालाचे काटे, शिवणयंत्राचे सुटे भाग. त्यातच मुंबईच्या एका वकिलांनी रेझरांची पेटी आणली. दोन रोल्स ‘इम्पीरियल नंबर २’, एक रोल्स ‘व्हायकाउंट’, एक ‘व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप’, एक विल्किन्सनचा ‘एम्पायर’ आणि ब्लेड परजायचं ‘ट्विनप्लेक्स’ नावाचं हातयंत्र. काही चोरबाजारातून उचललेली, काही जुन्या घरांची आवराआवर निघाली तेव्हा मिळालेली. सगळ्यांचा दावा एकच, की पातं फेकू नका, आमच्याच पोटात त्याला धार लावायची सोय आहे.

“काका, चालू तर कराच, पण एकेक वापरूनही बघा,” वकीलसाहेब म्हणाले. “यातला सगळ्यात चांगला कोणता ते मला कळलं पाहिजे. दहापैकी गुण द्या.”

मी हो म्हटलं. टूलरूममध्ये आम्ही हेच करायचो. दोन कंपन्यांचे कटर आले की एकाच मटेरियलवर चालवायचे, किती नग निघाले ते मोजायचं, कोणता आधी बसला ते लिहायचं. गालाचं मटेरियल तर मला आयुष्यभर माहीत असलेलं.

या रेझरांचा सगळा खटाटोप कशासाठी होता हे समजायला वस्तऱ्याकडे जावं लागतं. वस्तऱ्याने दाढी करणं त्यामानाने सोपं, तो परजणं अवघड. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या अण्णांनी वडिलांचा वस्तरा आणि चामड्याचा पट्टा अजून खुंटीला ठेवलाय. गिऱ्हाइकाला अर्थात ते अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तराच वापरतात. संसर्गाच्या भीतीने सगळ्याच सलूनांत तो आला. पण मी मागे लागलो तेव्हा त्यांनी जुना वस्तरा परजून दाखवला. पट्टा ताणून धरायचा, पातं पाठीकडून ओढत न्यायचं, टोकाला आलं की पाठीवर वळवायचं आणि परत. पातं धारेवर वळलं तर चामडं कापलं जातं आणि धारही जाते. हे मनगट त्यांना वडिलांच्या दुकानात झाडू मारता मारता आलेलं.

सामान्य गृहस्थाला हे मनगट कुठून येणार? न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० साली ‘स्टार’ नावाच्या सुरक्षित रेझरचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांनी वस्तऱ्याचाच एक आखूड तुकडा दाताळ्या रक्षकाआड बसवला. गळा कापायची भीती गेली. परजायचं मात्र तसंच राहिलं, किंबहुना जास्त अवघड झालं. इवलासा तुकडा बोटांत धरून पट्ट्यावर फिरवता येत नाही, म्हणून त्याला अडकवायला वेगळी मूठ द्यावी लागली.

मग किंग कॅम्प जिलेट आले. पत्र्याइतकं पातळ, दोन्ही बाजूंनी धार असलेलं, बोथट झालं की टाकून द्यायचं पातं. हे डोक्यात येणं वेगळं आणि करून दाखवणं वेगळं. इतक्या पातळ पोलादाला पाणी देताना ते वाकडं होऊ न देण्याची युक्ती विल्यम निकर्सन या इंजिनिअरने काढली. मी उष्णोपचाराच्या भट्टीशेजारी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून माझ्या लेखी खरा मानकरी निकर्सनच. पण त्याचा फोटो कधी ब्लेडच्या पाकिटावर आला नाही. १९०३ साली विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. जाहिरात एकच सांगायची : ना पट्टा, ना दगड.

माझ्या टेबलावरची पेटी म्हणजे या जाहिरातीला दिलेली उत्तरं होती. कामाला सुरुवात केली ती रोल्सपासून, कारण तीन होते आणि तिघांनाही काही ना काही झालं होतं.

रोल्स इंग्लंडचे, लंडनच्या क्रिकलवूड भागातल्या कारखान्यातले. मोटारीच्या रोल्सशी त्यांचा काही संबंध नाही, हे वकीलसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उतरला. पातं वस्तऱ्याच्या जातीचं, पाठीला जाड आणि दोन्ही अंगांनी पोकळ घासलेलं. एकच पातं, तेच रोज परजायचं, अधूनमधून दगडावर फिरवायचं, आणि दाढीच्या वेळी काढून रक्षक असलेल्या मुठीवर बसवायचं. डबीची घडण अशी की कारखान्यातल्या तपासनिसालाही बोट ठेवायला जागा मिळू नये. झाकण बसताना हवा दाबली गेल्याचं जाणवतं. दांडा सरकतो त्या खाचा आजही ढिल्या झालेल्या नव्हत्या. मी फक्त वाळून घट्ट झालेलं जुनं ग्रीस काढलं आणि शिवणयंत्राचं तेल दिलं. अण्णांना बोलावून दाखवलं. त्यांनी दोनचारदा सर्र-खट करून पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, हे म्हणजे आमचा हात कापून डबीत ठेवल्यासारखं झालं.”

यंत्र चांगलं असून धार मात्र लागेना. पहिल्या इम्पीरियलचं पातं दगडावर कितीही फिरवलं तरी केस ओढायचं, कापायचं नाही. अशा वेळी टूलरूममधली जुनी रीत उपयोगी पडते. पात्याच्या धारेला मार्कर पेनाने काळं केलं, दगडावरून हलकेच थोडे फेरे दिले आणि भिंगाखाली धरलं. दोन टोकांची शाई पुसली गेली होती, मधली जशीच्या तशी. म्हणजे दगड मध्ये खोल गेलाय आणि पातं त्याच्या काठांवरच टेकतंय.

आता इथे विचार करायला लागतो. दगड झिजला तो पात्यानेच झिजवला. मग त्याच पात्याला तो लागत का नाही? वर्षानुवर्षं एकमेकांवर घासले गेलेले दगड आणि पातं एकमेकांच्या आकाराचे होतात. दगडाला खोलगा आला तर पात्याला तेवढंच पोट येतं. या पात्याला पोट नव्हतं, ते सरळ होतं. दुसऱ्या इम्पीरियलचं पातं काढून कोनावर धरून पाहिलं, तर त्याला पोट. अदलाबदल करून पुन्हा शाई लावली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत शाई एकसारखी निघाली. कुठल्या तरी दुकानदाराने दोन डब्या एकदम पुसायला काढल्या असणार आणि पाती उलटसुलट ठेवली असणार.

त्या दुपारी माझ्या कामाचं स्वरूप बदललं. मला वाटत होतं मी दोन सारखेच रेझर ताडून पाहतोय. प्रत्यक्षात माझ्यापुढे दोन माणसांच्या सवयी होत्या. पहिला हात दगडाचा शौकीन. रोज दगडावर घासून त्याने तो दगड खोलगट केला होता. दुसऱ्याने दगडाला क्वचितच शिवलं होतं, मात्र त्याचं चामडं झिजून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. ज्याला गुण द्यायचे तो रेझर कोणता? कारखान्यातून निघाला तो, की या दोघांनी घडवला तो?

कटरच्या चाचणीत ही अडचण येत नाही, कारण दोन्ही कटर कोरे असतात. इथे कोरं करायचं तर दगड सपाट करावा लागणार. मी एकच केला. काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घेऊन खोलगा निघेपर्यंत तो दगड घासला. मग त्यावर पोट असलेलं पातं सरळ करत बसलो, आणि ते काम संपता संपेना. त्या डबीतला दगड बारीक जातीचा, तो भराभर पोलाद काढण्यासाठी बनवलेलाच नाही. दुसऱ्या डबीला हात न लावता तिचं तिला पातं देऊन फक्त चामडं जागवलं. बारीक पॉलिश पेपरने त्याची चकाकी उतरवली, रविवार पेठेत सोनारकामाचं सामान मिळतं तिथून लाल रूज आणून चोळला. ही दुसरी डबी लगेच कामाला लागली. पहिली नियमाप्रमाणे दुरुस्त झालेली, तरी कितीतरी दिवस मागेच राहिली. व्हायकाउंटचा दगड तडकलेला होता. त्याला मी नुसता चामड्यावर चालवला.

दाढीची चाचणी अशी : एका गालावर एक, दुसऱ्यावर दुसरा, आणि काही दिवसांनी गालांची अदलाबदल, कारण उजव्या हाताच्या माणसाचा डावा गाल नेहमीच थोडा उपेक्षित असतो. साबण एकच. आधी गरम पाण्याने दाढी भिजवायची, तीही घाई न करता. कोरडा केस आणि भिजलेला केस यांत कापण्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक. दाढीनंतर ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवायची. तुरटी खोटं बोलत नाही. कातडी जिथे खरवडली गेली असेल तिथे ती बरोबर चुरचुरते. मग संध्याकाळी हात उलटा फिरवून पाहायचा.

व्हॅलेट ऑटोस्ट्रॉपची गंमत निराळी. याचं पातं एकाच धारेचं, पातळ पट्टीसारखं. ते रेझरमधून काढायचंच नाही. रेझरच्या डोक्यातून चामड्याचा लांब पट्टा ओवायचा, एक टोक भिंतीच्या खुंटीला, दुसरं डाव्या हातात, आणि रेझर पट्ट्यावरून पुढेमागे. आतले रूळ दर फेरीला पातं कलवतात, त्यामुळे जाताना एक अंग परजलं जातं, येताना दुसरं. पट्टा काढला, कळ दाबली, की दाढीला तयार. धुवायलाही पातं काढावं लागत नाही. आमच्या संचातला पट्टा चुरा झाला होता. घोड्यांचं सामान करणाऱ्या कारागिराकडून बरोबर त्याच रुंदीचा, पातळ आणि कडक पट्टा कापून घेतला. जाड घेतला तर रूळ अडतो, मऊ घेतला तर पट्टा पात्याखाली दबून धारेवरच चढतो आणि धार गोल होते.

हे डोकं हेन्री गाइसमन यांचं. त्यांची गोष्ट मला भारी आवडते. फोटोच्या निगेटिव्हच्या कडेला तिथल्या तिथे तारीख-गाव लिहिता येईल अशी कॅमेऱ्याच्या पाठीला खिडकी ठेवायची कल्पनाही त्यांचीच. ती ईस्टमन कोडॅकने १९१४ साली तीन लाख डॉलरना घेतली. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या ‘ऑटोग्राफिक’ कॅमेऱ्यांची ती खिडकी मी शेकडो वेळा उघडली आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं की त्याच माणसाचा रेझर एक दिवस गालावर फिरवू. पुढे गाइसमननी जिलेटच्या रेझरला चालेल असं दुधारी ब्लेड काढलं, पेटंटवरून जिलेटला कोर्टात खेचलं, आणि १९३० साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. एक होताना हिशेब तपासले तर जिलेटने नफा फुगवून दाखवल्याचं बाहेर आलं. शेवटी जिलेटच्या अध्यक्षपदी बसले गाइसमन. पातं जपा म्हणणारा माणूस पातं फेका म्हणणाऱ्या कंपनीचा धनी झाला. त्यानंतर पट्ट्यावाल्या रेझरांचं भवितव्य काय असणार, हे सांगायला नकोच.

एम्पायरसाठी मी जरा अवकाश घेतला, कारण वस्तू तशी राजेशाही. विल्किन्सन तलवारींसाठी नावाजलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते सुरक्षित रेझरांत उतरले. एम्पायरचं पातं रोल्सपेक्षाही वस्तऱ्याच्या जवळचं, रुळाची युक्ती ऑटोस्ट्रॉपसारखी. आणि पेटीत पाती सात, प्रत्येकावर वाराचं नाव कोरलेलं. पोलादाला दोन दाढ्यांच्या मध्ये विश्रांती द्यावी, अशी जुन्या लोकांची समजूत. सात वारांचे सात वस्तरे असायचे, त्याच चालीवर ही सात पाती. पोलाद काही विश्रांती घेत नाही. त्यातून फायदा होतो तो दोन साध्या गोष्टींनी : झीज सात ठिकाणी वाटली जाते, आणि प्रत्येक पातं नीट वाळतं. साध्या कार्बन पोलादाच्या धारेला पाण्याचा गंज हा केसांइतकाच मोठा शत्रू आहे. म्हणून तर दाढीनंतरही थोडं परजून ठेवायचं. चामडं धारेला पुसून कोरडं करतं.

मी सातही पाती भिंगाखाली धरली. रविवारचं सगळ्यात झिजलेलं, म्हणजे मालक रविवारी सावकाश, साग्रसंगीत दाढी करणारा. सोमवार ते शुक्रवार साधारण सारखी. आणि शनिवारचं पातं कोरं! कारखान्यातल्या घासणीच्या रेघा तशाच होत्या. मी वकीलसाहेबांना फोन केला, ही पेटी कोणा इंग्रजाची नव्हे. ते हसले, म्हणाले, इंदूरच्या एका जुन्या मराठी घरातून आली आहे. शनिवारी दाढी करायची नाही हा नेम लंडनच्या विल्किन्सनला कोण सांगणार? त्यांनी बिचाऱ्यांनी सात पाती दिली, गृहस्थाने सहा वापरली.

मला त्या कोऱ्या पात्याचा मोह झाला. कारखान्यातून निघाली तशी धार सापडणं हे चाचणी करणाऱ्याचं भाग्यच. थोडं परजून त्याने दाढी केली. गालावर ती या सगळ्या पेटीतली सर्वोत्तम दाढी होती, हे लिहून ठेवलं. हनुवटीच्या वळणावर मात्र ते रुंद डोकं ओणवं करताना कसरत होते, आणि नाकाखाली तर अक्षरशः जागा शोधावी लागते. एम्पायर बनवणाऱ्यांना मिशी ठेवणारा गिऱ्हाईक अभिप्रेत असावा अशी माझी शंका आहे.

ट्विनप्लेक्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइसचं यंत्र. जिलेटचं दुधारी ब्लेड आत बसवायचं, दांडी फिरवायची, चामडी रूळ दोन्ही धारांना परजतात. फिरवायला मजा येते, पोरं भोवती जमतात. पण आजचं ब्लेड त्यात घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडे याहून स्वस्त उपाय घरोघर होता : काचेच्या ग्लासात ओलं ब्लेड घालून आतल्या गोलाईवर बोटाने दाबत घासायचं. माझे वडील तेच करत. एक ब्लेड किती दिवस पुरलं याची आमच्या चाळीत पैज लागत असे, आणि जिंकणाऱ्याचा गाल पाहवत नसे.

आजचं ब्लेड परजून उपयोग का नाही, हे मला ऑटोस्ट्रॉपवर कळलं. जपानच्या फेदर कंपनीने या ठेवणीची स्टेनलेस पाती काढली होती, त्यांचं पाकीट वकीलसाहेबांनी दिलं होतं. जुनी कार्बन पोलादाची पाती बहुतेक गंजलेली, तरी त्यातली काही कामाची निघाली. कार्बनचं पातं पट्ट्यावर न घालता वापरलं की लवकरच केस ओढायला लागायचं; रोज परजलं की ते चांगलं चालायचं, आणि बसायला आलं की हळूहळू, आधी सूचना देऊन बसायचं. फेदरचं पातं पहिल्याच दिवशी यापेक्षा धारदार, पण परजल्याने त्याच्यात सुधारणा अशी नाहीच. स्टेनलेस ब्लेडच्या धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे ते कातडीवरून सरकतं. पट्टा तो थरच आधी काढणार. विल्किन्सननेच १९६१ साली ब्रिटनमध्ये असं थर दिलेलं स्टेनलेस ब्लेड आणलं आणि जिलेटलाही धावपळ करावी लागली. परजायच्या रेझरांचा धंदा आधीच खालावला होता. या ब्लेडनंतर त्याला कारणच उरलं नाही.

मग परजण्याने नेमकं होतं काय? आम्ही टूलरूमवाले म्हणायचो, धार झिजते. गुळगुळीत होऊन गोल होते. भिंगाखाली मला तसं फार दिसलं नाही. धार वळलेली दिसली, कुठेकुठे टवके गेलेले दिसले. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात छापलेलं काम यावर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली केस कापत त्यांनी पाहिलं की पोलादाहून जवळपास पन्नास पट मऊ असलेला केस धारेचे टवके काढतो. केस तिरपा वाकला, आणि धारेतल्या पोलादाची घडण त्या जागी एकसारखी नसली, की तडा सुरू होतो. हे वाचल्यावर माझ्या चाचणीतली एक गोष्ट उलगडली. चामडं वळलेली धार सरळ करतं, तिला चकाकी देतं. टवका भरून काढणं त्याच्या हातात नाही. टवके दिसायला लागले की दगडच हवा. रोज दगड लावणारा आणि दगडाला कधीच न शिवणारा असे दोघेही चुकत होते, पण दगडवाल्याची चूक महाग, कारण त्याने पोलाद खाल्लं.

रोल्सने दोन्ही सोयी एका डबीत दिल्या, इथे तो बाकी सगळ्यांच्या पुढे. कोन यंत्राने ठरवलेला, त्यात तुमच्या मनगटाला मत नाही. तरीही दाब तुमचा. कमी दाबलं की पातं नुसतं कुरवाळलं जातं, जास्त दाबलं की धार चामड्यात रुतते. माझा हात बसायला पुष्कळ दिवस गेले, आणि तो बसल्यावर इम्पीरियलने गालावर एम्पायरच्या खालोखाल काम केलं. मानेवर तो कठोर आहे. जाड पातं लवत नाही, तुम्हालाच त्याच्याभोवती मान वळवावी लागते. तुरटीने मानेवर रोज तक्रार नोंदवली.

रोल्स कंपनीचा शेवटही विचित्रच. रेझरांचे दिवस संपत आल्यावर जॉन ब्लूम नावाच्या एका तरुण व्यापाऱ्याने ती हातात घेतली आणि रोल्स रेझर या नावाखाली दारोदार कपडे धुवायची यंत्रं विकली. किमती पाडून त्याने बाजार हादरवला. १९६४ च्या जुलैमध्ये कंपनी कोसळली, आणि ब्रिटनमध्ये त्याचा मोठा गाजावाजा झाला. त्यामुळे तिथल्या एका पिढीला रोल्स रेझर म्हटलं की दाढी आठवत नाही, धुलाईयंत्र आठवतं.

वकीलसाहेबांना मी हाताने लिहून सहा पानं पाठवली. गुण दिले नाहीत. कारण लिहिलं : या पेटीतला एकही रेझर कारखान्यातून निघाला तसा राहिलेला नाही, तेव्हा गुण कंपनीला द्यायचे की आधीच्या मालकाला, हे ठरवता येत नाही. क्रम मात्र दिला. रोज वापरायचा झाला तर ऑटोस्ट्रॉप : परजायला क्षणभर, पातं काढायची कटकट नाही, डोकं लहान म्हणून नाकाखाली जातं, आणि एखाद्या दिवशी आळस केला तरी तो दुसऱ्या दिवशी समजून घेतो. सुट्टीच्या दिवशी, वेळ हाताशी असेल तेव्हा एम्पायर. रोल्स तिसरा. यंत्र म्हणून तो पहिला, यात वाद नाही. दाढीचं साधन म्हणून तिसरा.

लगेच फोन आला. “काका, रोल्स तिसरा? अहो, माझ्याकडे तीन आहेत!”

“म्हणूनच सांगतोय,” मी म्हटलं. “चौथा घेऊ नका. त्या पैशात ऑटोस्ट्रॉपची चांगली कार्बनची पाती मिळाली तर बघा, गंज नसलेली.”

थोडा वेळ वाद झाला. ते घडणीबद्दल बोलत होते, मी मानेबद्दल. अखेर त्यांनी पट्टा कापून देणाऱ्या कारागिराचा पत्ता मागितला. मी दिला, आणि रुंदी मिलिमीटरमध्ये सांगून पुन्हा बजावलं की चामडं जाड दाखवलं तर घेऊ नका, तो जाडच आधी दाखवतो.